आमच्या बॅजचा हिशोब होतो, पेशंटच्या डोसचा कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

गेली 19 वर्षं सीटी टेक्निशियनचं काम करतोय. माझ्या खिशाला टीएलडी बॅज असतो, दर 3 महिन्यांनी तो तपासायला जातो आणि मला किती रेडिएशन लागलं त्याचा कागद येतो, त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं कारण आम्ही शिशाच्या काचेमागे बसलेलो असतो. आणि जो माणूस मशीनच्या आत झोपलेला असतो त्याच्या रिपोर्टमधे रेडिएशनच्या डोसचा आकडाच नसतो. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मलाही यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एक काका आले, मुतखड्याचा त्रास, वजन 48 किलो, 14 महिन्यांतला चौथा सीटी. पिशवीभर फिल्म, डोस कुठंच नाही. मुलाकडे आधीच्या एका सेंटरची सीडी होती म्हणून लावून बघितली, शेवटी डोसचं पान असतंच, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, पण फिल्म काढताना ते पान कुणी प्रिंट करत नाही. डीएलपी, म्हणजे अख्ख्या स्कॅनचा एकूण डोस, 1140. आमच्याकडे तोच स्कॅन लो डोसवर 210 मधे झाला. खडा दोन्हीकडे स्पष्ट, 6 एमएम. त्यांचं चित्र काचेसारखं स्वच्छ, आमचं जरा दाणेदार, एवढाच फरक. तिथं ऑटो एमए (माणसाच्या जाडीप्रमाणे एक्सरेचा करंट, म्हणजे एमए, आपोआप ठरवणारी सोय) बंद ठेवून जाड्या-बारीक सगळ्यांना एकच सेटिंग लावलं असणार असं मला वाटतं.

आता असं का होतं, तर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, दिसतो आणि डोस दिसत नाही. चित्र ग्रेनी आलं की रेडिओलॉजिस्ट सर तिथल्या तिथं झापतात, डोस जास्त गेला म्हणून झापलेलं मी 19 वर्षांत एकदाही ऐकलं नाही. मग टेक्निशियन काय करणार, एमए वाढवून ठेवतो आणि निवांत राहतो. यात गंमत अशी की नॉइज निम्मा करायचा तर डोस चौपट लागतो. आणि उलटंही होतं बरं का, डोस इतका कमी करून ठेवायचा की लिव्हरमधला छोटा डाग त्या दाण्यांतच हरवतो, मग परत स्कॅन, म्हणजे वाचवलेला डोस व्याजासकट गेला. म्हणून एकटा डोस मोजून उपयोग नाही, दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिजेत.

आणि हे मोजायला माणूस लागत नाही हो. पूर्वी लिव्हरवर हाताने गोल काढून आतल्या आकड्यांचं एसडी, म्हणजे चढउतार, बघायचो, रोज 40 पेशंटना ते कोण करणार. आता सॉफ्टवेअर प्रत्येक स्लाइसमधून मऊ ऊतींचे तेवढे पिक्सेल उचलतं, साधारण 0 ते 100 हाउन्सफिल्डमधले (हे सीटीतलं घनतेचं माप), छोट्या छोट्या तुकड्यांत चढउतार किती ते बघतं आणि जो आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो तो त्या स्कॅनचा नॉइज. डोस तर मशीन स्वतःच लिहून ठेवतं, फक्त तो असतो 32 सेंटिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याच्या हिशोबाने. काकांसारखा बारीक माणूस, पोटाचा व्यास 20 सेंटिमीटर धरला तर स्क्रीनवरच्या सीटीडीआयला, म्हणजे मशीन दाखवतं त्या सरासरी डोसला, जवळपास 1.8 ने गुणावं लागतं. ती रुंदीसुद्धा स्काउटवरून, म्हणजे स्कॅनआधी काढतात त्या साध्या चित्रावरून, आपोआप निघते.

अमेरिकेत हे अक्कल आल्यावर सुरू झालं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमधे मेंदूच्या परफ्यूजन (रक्तपुरवठा बघायच्या) स्कॅनला 18 महिने आठपट डोस जात होता, दोनशेवर पेशंट झाले, 2009 मधे एकाचे केस गळायला लागले तेव्हा कळलं. आकडा सगळे दिवस स्क्रीनवर होता! त्यानंतर कॅलिफोर्नियात कायदा झाला, 1 जुलै 2012 पासून सीटीचा डोस रिपोर्टमधे लिहावा लागतो. आता 2025 पासून तिथल्या मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विम्याच्या) क्वालिटी मोजमापात पेशंटच्या आकाराप्रमाणे डोस आणि नॉइज दोन्ही एकत्र धरलेत, माप सोडून गेला तर तो स्कॅन फेल.

आपल्याकडे एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन लागतं, मशीनचा क्यूए, म्हणजे दर्जाची तपासणी, होतो, ते नीट चाललंय, पण क्यूए ठोकळ्यावर होतो, माणसावर नाही. कोविडात तर कहर होता. 2020 मधे राज्य सरकारने एचआरसीटीचे (छातीच्या सीटीचे) दर बांधले, मशीन किती स्लाइसचं ते बघून 2000, 2500, 3000 रुपये, चांगलंच केलं, पण डोसबद्दल एक ओळ नाही. मग मे 2021 मधे एम्सचे डॉ. गुलेरिया म्हणाले एक सीटी म्हणजे 300-400 एक्सरे, रेडिओलॉजिस्टांची संघटना म्हणाली छे एवढं नसतं, आठवडाभर टीव्हीवर तेच. तेव्हा आमच्या मशीनमधे शेकडो लोकांचे खरे आकडे पडून होते, कुणी मागितले नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे, डीएलपीची एक ओळ रिपोर्टमधे टाका. टायपिस्टला 10 सेकंद लागतात. नॉइज मोजायचं सॉफ्टवेअर निदान मेडिकल कॉलेजांनी आधी बसवावं, छोट्या सेंटरला परवडायला वेळ लागेल हे मी समजू शकतो. फक्त एक, नवीन एआयवाली मशीन नॉइज पुसून चित्र गुळगुळीत करतात, तिथं नॉइजचा आकडा छान येईल आणि बारीक डागही पुसला गेला असेल, तेव्हा डोळे उघडे ठेवूनच वापरा. आणि वाचकहो, फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, ती फेकू नका.

काकांच्या फाइलवर मी पेनाने तारीख आणि डीएलपी 210 लिहून दिलं. मुलाने विचारलं, हे कुणाला दाखवायचं? मी म्हटलं, पुढच्या वेळी जो सीटी लिहून देईल त्याला.

आपला,
एक सीटी टेक्निशियन, सोलापूर