सर्व्हर आपला तुटला, अटक मला झाली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई

विषय : सर्व्हर बंद पडल्यावर खेळाडूला 'बस्टेड' (पोलिसांनी पकडला) ठरवणे आणि जप्त केलेली गाडी सोडवण्यासाठी खरे पैसे मागणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपला स्ट्रीट रेसिंगचा ओपन वर्ल्ड गेम मी आपल्याच ऑनलाइन स्टोअरवरून ३,९९९ रुपयांना घेतला. गेम वाईट आहे म्हणून हे पत्र लिहीत नाही. ओल्या रस्त्यावर रात्री मागे पोलिसांच्या गाड्या, डोक्यावर हेलिकॉप्टर आणि समोर रोडब्लॉकमध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट, हे आपल्या लोकांनी फार छान जमवले आहे. माझी तक्रार एवढीच आहे, की सर्व्हर आपला तुटतो आणि अटक मला होते.

झाले ते असे. शनिवारी रात्री मी हीट पाचवर होतो, म्हणजे पोलीस फार जोरात मागे लागलेले. रात्रीची कमाई गॅरेजला पोचेपर्यंत आपली नाही, वाटेत पकडले गेलो तर गेली, हा आपला नियम आणि तो मला मान्य आहे. चेसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या पाठलागात, जीव येतो तो त्या नियमामुळेच. बंदराजवळची टायर फोडणारी स्पाइक स्ट्रिप चुकवून मी गोदामांच्या मागे शिरलो, इंजिन बंद केले आणि सुटकेची पट्टी भरायची वाट पाहत थांबलो. नकाशावर आसपास एकही पोलीस नव्हता. पट्टी भरत आली, तेवढ्यात चित्र गोठले आणि 'सर्व्हरशी संपर्क तुटला' अशी पाटी आली. पुन्हा आत गेलो तर 'बस्टेड'. कमाई शून्य, गाडी जप्त. त्याच स्क्रीनवर खाली बटण : १४९ रुपये भरा आणि गाडी लगेच सोडवा. शेजारी १५ मिनिटांचा काटा उलटा फिरतोय.

आपल्या सपोर्टला लिहिले. उत्तर आले, 'कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा आणि राउटर रीस्टार्ट करा.'

साहेब, मी मिरजेत ब्रॉडबँडच्या जोडण्या देतो. माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे. रस्त्याच्या खोदाईत जेसीबीने फायबर उखडली की रात्री अकराला तुटलेली फायबर जोडायची स्प्लायसिंगची मशीन घेऊन खड्ड्यात मीच बसतो, त्यामुळे लाइन गेली म्हणजे काय होते हे मला कळते. त्या वेळी घरच्या ओएनयूवर (फायबर जिथे जोडतात त्या डबीवर) लाइन गेल्याचा लाल दिवा नव्हता. दुसऱ्या खिडकीत पिंग (लाइन चालू आहे का ते सतत तपासणारी चाचणी) चालू ठेवलेले होते, त्यात एक पॅकेटही हरवलेले नाही. बायकोचा व्हिडिओ कॉल त्याच वायफायवर सुरू होता आणि त्यात खंड पडला नाही. (त्या कॉलला उगाच साक्षीला ओढले म्हणून घरून वेगळी तक्रार आहे, ती आपल्याकडे पाठवत नाही.)

यापेक्षा पक्का पुरावा लॉबीचा आहे. आमच्या लॉबीत, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, पुण्याचे दोघे होते, नागपूरचा एक आणि दुबईत नोकरीला असलेला माझा मावसभाऊ. शहरे वेगळी, कंपन्या वेगळ्या, एकाचा तर देशच वेगळा. सगळे एकाच सेकंदाला बाहेर फेकले गेले आणि जे जे चेसमध्ये होते ते सगळे 'बस्टेड' झाले. मावसभाऊ तेव्हा गॅरेजमध्ये गाडीला रंग देत बसला होता, म्हणून तेवढा वाचला. आता पुणे, नागपूर, मिरज आणि दुबई इथली राउटरे एकाच क्षणी रीस्टार्ट करायची होती काय?

संपर्क तुटला की अटक, हा नियम आपण का केला हे मला समजते. पकडले जायची वेळ आली की केबल ओढणारे किंवा गेमच बंद करणारे खेळाडू असतात. त्यांना मोकळे सोडले तर चेसला अर्थ उरत नाही. एकट्या खेळाडूचा संपर्क गेला तर त्याने केबल ओढली की त्याच्याकडची वीज गेली, हे सर्व्हरला ओळखता येत नाही, हेही मान्य. पण आख्खी लॉबी एकदम तुटते तेव्हा दोष कुणाकडचा, हे आपल्या लॉगमध्ये सरळ दिसते. ते पाहून कमाई परत करायला वेगळी अक्कल लागत नाही. माझ्याकडे लाइन दिवसभर बंद राहिली तर मी त्या दिवसाचे पैसे बिलातून वजा करतो. ग्राहकाला आधी दंड आणि मग तो दंड माफ करायची फी, असा धंदा मी केला तर गल्लीत फिरू देणार नाहीत.

२००५ साली आलेला 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळला. त्यातले रॉकपोर्ट शहर, ब्लॅकलिस्टवरचे, म्हणजे हरवायच्या रेसरांच्या यादीतले १५ जण, पहिल्या नंबरवरचा रेझर आणि त्याने बळकावलेली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर आजही आठवते. पोलीस तिथेही कडक होते. मोठमोठ्या एसयूव्ही समोरून अंगावर यायच्या, मग आपण डोनटच्या दुकानावरचा भलामोठा डोनट किंवा पाण्याची टाकी त्यांच्यावर पाडायची. पकडले गेलो तर दंड व्हायचा आणि गाडीवर एक खूण पडायची. अशा खुणा भरल्या की मगच गाडी जप्त. त्यातला पोलीस सार्जंट क्रॉस कितीही मागे लागला तरी तो चेस माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरवर चालायचा. इंटरनेटचा त्याच्याशी संबंध नव्हता. आपल्या गेममधली गोष्ट मी एकट्याने खेळतो तेव्हाही सर्व्हर लागतो. पोलीस कॉम्प्युटरचे, रस्ता मोकळा, शर्यतीत दुसरा माणूस नाही. मग सर्व्हर कशाला?

ही भीती हवेतली नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' डिसेंबर २०१४ मध्ये आला, २०१६ मध्ये त्यात पोलिसांचे पाठलागही आले आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर एकट्याने खेळायचा भागसुद्धा कायमचा गेला. पैसे देऊन घेतलेला गेम ग्राहकाच्या हातात नुसता नावाला राहिला. जगभरातून ओरड झाल्यावर त्याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये पुढच्या दोन भागांसाठी ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले. म्हणजे असा बदल करता येतो. आपणही तो वेळेवर करावा.

आता त्या १५ मिनिटांच्या काट्याबद्दल. मी पैसे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर तेच बटण, तोच भाव आणि काटा पुन्हा १५ पासून. म्हणजे मुदत अशी नव्हतीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी (स्क्रीनवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई दाखवून खरेदी करायला लावणे हा त्यांतला एक. आपला काटा त्यात कसा बसत नाही, ते आपल्या कायदेशीर विभागाने मला लिहून कळवावे. शाळकरी पोरेही हा गेम खेळतात. रात्रभर कमावलेली गाडी डोळ्यांदेखत जाताना पाहून त्यांतले कितीतरी जण वडिलांच्या फोनवरून यूपीआय करून मोकळे होत असतील.

तेव्हा माझे मागणे असे. त्या रात्रीची कमाई आणि गाडी माझ्या खात्यावर परत करावी. लॉबीतल्या इतरांचीही, ते पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडणार नाहीत. सर्व्हरच्या बाजूने संपर्क तुटल्यास अटक न धरता चेस रद्द धरावा, तेही पुढच्या पॅचमध्ये. तोवर १४९ रुपयांचे बटण आणि काटा काढून टाकावा. ज्यांनी आधीच भरले असतील त्यांना रिफंड द्यावा. एकट्याने खेळायच्या भागासाठी ऑफलाइन सोय कधी देणार, याचे उत्तर तारखेसह द्यावे. यातले काहीच जमत नसेल तर गेमचे पूर्ण पैसे परत करावेत. खेळून दोन तासांपेक्षा जास्त झाले म्हणून रिफंड नाही, असे सांगू नये. पहिल्या दोन तासांत आपण दिवसाच्या शर्यती शिकवता, रात्रीचे पोलीस त्यानंतर येतात.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, त्यामुळे तारखांना यायचा त्रास आपल्या वकिलांना होईल, मला नाही.

कळावे,
आपला एक ग्राहक
मिरज

सोबत : खरेदीची पावती, चेसचे स्क्रीन रेकॉर्डिंग, त्या वेळेचा पिंगचा लॉग, लॉबीतल्या चौघांचे 'संपर्क तुटला' पाटीचे स्क्रीनशॉट, दोन वेगवेगळ्या दिवशी १५ पासून सुरू झालेल्या काट्याची छायाचित्रे.