आपली शाळा उतरली, असं म्हणू नका

नाशिक,
डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई मधेच "बरं, ठेवते आता, तुझे पैसे जातात" म्हणते (आता पैसे जात नाहीत, आई), म्हणून हे पत्र लिहितेय. आईने मोठ्याने वाचून दाखवावं. बाबांनी मधे बोलायचं नाही, सगळं वाचून झाल्यावर काय ते बोलायचं.

दिवाळीत मामा ओट्यावर बसून म्हणाले, "तुमच्या शाळेत आता राहिलंय काय? आपली पोरं जातात का कुणी तिथं? दर्जा उतरला." मामांचं मला विशेष काही नाही, त्यांना पिंपळगावच्या मार्केटचा दर्जासुद्धा उतरलेलाच दिसतो. पण बाबा, तुम्ही मान डोलावलीत. त्याच शाळेत शिकून, उदोजी बोर्डिंगात राहून तुम्ही मॅट्रिक झालात. मी तिथेच शिकवते. तेव्हा पाहुण्यांसमोर गप्प बसले, आता बसणार नाही.

मामांची एक गोष्ट खरी आहे. आपल्या भावकीतलं एकही पोर आज तिथे नाही. दादाची दोघं सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. बागाईतदारांची, नोकरदारांची, झेडपीत निवडून आलेल्यांची मुलं केव्हाच दुसरीकडे गेली. मग वर्ग रिकामे आहेत का? मुळीच नाहीत. माझ्या वर्गात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातली मुलं आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांची आहेत, बांधकामावरच्या वॉचमनची आहेत, दोघांची आई भाजीची हातगाडी लावते. हजेरीतली आडनावं वाचत गेलं की शाळा उतरली असं ज्याला वाटायचं त्याला वाटेल. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगून पटवते.

१९१४ साली आपल्या शाळेची संस्था, मराठा विद्या प्रसारक समाज, निघाली, तेव्हा नाशकात शाळा नव्हत्या असं नाही. शहरात होत्या. चांदवड, निफाड, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या पोराची अडचण वेगळी होती: शाळेत नाव घातलं तरी रात्री झोपायचं कुठे आणि खायचं काय? फुल्यांनी १८८२ मध्येच शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे सुनावलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. ते त्यांच्या हयातीत झालं नाही. शाहू महाराजांनी मात्र प्रश्न नेमका झोपण्या-जेवण्याच्या बाजूने धरला. १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्य म्हणून ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांचं. त्याच महाराजांनी एप्रिल १९२० मध्ये नाशकात येऊन उदोजी बोर्डिंगची कोनशिला बसवली. तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊरावांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचं सोनं मोडलं. त्या पिढीत शाळेचा विचार चुलीपासून सुरू व्हायचा.

रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे ही संस्थेतल्या जुन्या माणसांची नावं तुम्ही देवाची घ्यावीत तशी घेता. केटीएचएम कॉलेजच्या नावात तिघेही बसलेत, पण पाटी रोज वाचणाऱ्या माझ्या पोरांना ती नुसती इंग्रजी अक्षरं वाटतात. यंदा २६ जूनला, शाहू जयंतीला, मी भाषण न ठेवता मुलांना तेवढीच अक्षरं उलगडायला लावली. एकाने थोरातांचं नाव बरोबर सांगितलं आणि 'एम' म्हणजे महाराष्ट्र असं ठोकून दिलं.

तर बाबा, शाळा काढली ती ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पाटी हातात धरतंय त्याच्यासाठी. तेव्हा ते आपण होतो. आपण शिकलो, बागा लावल्या, बंगले बांधले, आपली पोरं पुढे गेली. त्या जागेवर आता दुसरं कुणी येऊन बसलंय. म्हणजे शाळेने आपलं काम सोडलं, की अजून चालू ठेवलंय?

तुम्ही विचारलं होतं, वर्षभर तुमचे नुसते कार्यक्रमच चालतात का. व्हॉट्सॅपवरचे फोटो पाहून तसं वाटणारच. खोटं कशाला बोलू, काही कार्यक्रम फोटोपुरतेच होतात. वरून परिपत्रक येतं, अमुक दिवस साजरा करा, संध्याकाळपर्यंत फोटो आणि अहवाल पाठवा. मग चाळीस मिनिटांचा तास मोडून रांगा लावायच्या, शपथ घ्यायची, मोबाइल वर करायचा. त्यांची यादी मी देत नाही, तुम्हाला कंटाळा येईल आणि मला राग.

पण आषाढातली दिंडी बघायला तुम्ही यायला हवं होतं. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघून नाशकातून पुढे जाते, तेव्हापासून पोरांच्या अंगात येतं. यंदा विठ्ठल झाला होता सुरगाण्याचा एक पोरगा, रंगाने मुळातच शोभणारा. कमरेवर हात ठेवून तासभर हलला नाही. रखुमाई मात्र दर दहा मिनिटांनी पाणी मागत होती.

आणि ९ ऑगस्टचा आदिवासी दिन. पूर्वी त्या दिवशी एखादा पाहुणा यायचा, बोलायचा, जायचा. यंदा मुलांनीच सांगितलं, आम्ही बोहाडा करतो. तुम्ही पेठकडे बदलीवर होतात तेव्हा पाहिला असेल, रात्रभर देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, मोठाले लाकडी मुखवटे. मुलांनी पुठ्ठ्याचे मुखवटे केले. एकाच्या आजोबांनी पावरी आणली, भोपळा आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य, आणि मैदानात फुंकली तेव्हा शेजारच्या इमारतींतले लोक गॅलरीत आले. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलं त्या दिवशी आम्हा शिक्षकांना समजावून सांगत होती, कुठलं सोंग आधी, कुठलं नंतर, कुणाचा मान कुणाला. मी खाली बसून लिहून घेत होते. माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात चांगला तास तोच, आणि तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका मुलाने कांदा साठवायच्या चाळीचं मॉडेल केलं, खालून हवा खेळती ठेवली तर सड कमी होते, एवढंच. परीक्षकांना सौरऊर्जेवरचं काहीतरी हवं होतं, नंबर आला नाही. बाबा, तुम्ही असतात तर त्याला पाठीशी घालून भांडला असतात. त्याची कल्पना आम्ही केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत पाठवली आहे. निवड झाली तर मॉडेलसाठी दहा हजार मिळतात.

खरं काम मात्र फोटोत येत नाही. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आम्ही शाळा सुटल्यावर घेतो. आठवीत पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. आपल्याला ही रक्कम आता एका फवारणीची वाटते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न तिच्या थोरल्या बहिणीच्या त्या पैशांवर थांबलंय, एवढं सांगितलं की पुरे.

आणि जेवण. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ, नियमात सातशे कॅलरी आणि वीस ग्रॅम प्रथिनं. नववीत गेलं की कागदावरची भूक संपते. खरी कुठे संपते? मधल्या सुट्टीत काही मुलं नळाशी जास्त वेळ उभी राहतात, हे कळायला मला बरेच दिवस लागले नाहीत, कारण तुम्ही सांगितलेलं डोक्यात होतं, "भूक लागली की आम्ही पाणी पिऊन मैदानात जायचो." आता आम्ही काही जणी रोज दोन पोळ्या-भाजी जादा नेतो. स्टाफरूमच्या कपाटात डबे ठेवतो, ज्याला हवं त्याने विचारू नये, उघडावं. याला नाव दिलेलं नाही, बॅनर नाही. मुख्याध्यापकांना माहीत आहे, ते कपाटाला कुलूप लावू देत नाहीत.

आता मूळ कामाचं बोलते. म्हणजे हे पत्र एवढं लांबवलं ते ज्यासाठी.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगी आहे, पेठ तालुक्यातली. गणितात पहिल्या तिघांत. ती नाशकात मावशीकडे राहते, मावशीचा नवरा एका बांधकामावर वॉचमन. ती इमारत आता पुरी होतेय, जानेवारीत त्यांना जागा सोडावी लागणार, पुढचं काम पुण्याकडे. मुलीचे आई-वडील छाटणीपासून आपल्याच शिवारात आहेत, तळ्याच्या पलीकडच्या द्राक्षबागेत. डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मग माल निघेपर्यंत मार्चअखेर तिथेच राहतील. वसतिगृहात वर्षाच्या मध्याला जागा नाही, मी विचारून झालं. म्हणजे जानेवारीपासून ती बागेतल्या शेडवर राहणार. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, पिंपळगावहून नाशकात सीबीएस स्टँडला येणं-जाणं जमेल. पण शेडवर संध्याकाळी दिवा नाही, धाकटं भावंड कडेवर, आणि चार दिवस गेले की कुणीतरी म्हणणारच, शाळा राहू दे, मजुरी चांगली आहे. दरवर्षी या तीन महिन्यांत माझ्या हजेरीतून अशी नावं गळतात आणि जूनमध्ये परत येत नाहीत.

दादाची खोली रिकामी आहे. आई, जानेवारी ते परीक्षा होईपर्यंत ती तिथे राहिली तर चालेल का? जेवण आपल्यात. तिचे आई-वडील पाच मिनिटांवर, रविवारी ती त्यांच्याकडे जाईल. मी त्यांच्याशी बोलले, त्यांची हरकत नाही. वडील एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरगी काम करील." ते मला नको आहे. ताट उचलणं, अंगण झाडणं घरातल्या पोरीसारखं करू दे, पण धुण्या-भांड्याची बाई म्हणून नाही. आई, तू मनात विचारणार हे मला माहीत आहे, म्हणून सांगून टाकते: कोकणा आदिवासी आहेत. आपल्या स्वयंपाकघरात येईल, तिथेच जेवेल. हे पटत नसेल तर ओट्यावरची सोय मला नको.

बाबा, बोर्डिंगात जागा मिळेपर्यंतचा तो पावसाळा तुम्ही रविवार कारंज्याजवळ एका शिंप्याच्या घरी काढलात. त्यांच्या मशीनखाली तुमची ट्रंक असायची, आणि रात्री काज-बटणं करणाऱ्या काकू तुमचं इंग्रजी पाठ म्हणून घ्यायच्या, त्यांना स्वतःला इंग्रजी येत नसताना. तुम्ही आम्हाला हे इतक्यांदा सांगितलंय की आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. त्यांनी तुमच्याकडून भाडं घेतलं नव्हतं आणि जातही विचारली नव्हती, हेही तुम्हीच सांगितलंय.

खर्चाचं माझ्याकडे सोपवा. मी दर महिन्याला किराण्याचे पैसे पाठवीन, आईने ते परत माझ्याच पिशवीत कोंबायचे नाहीत.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते, तिलाही बरोबर आणते, एकदा बघून घ्या. नको असेल तर शुक्रवारपर्यंत फोन करून स्पष्ट सांगा, मी दुसरीकडे विचारीन, राग मानणार नाही. पण मामांना विचारून उत्तर देऊ नका.

तुमची,
थोरली

ता. क. आईच्या गुडघ्याचा पट्टा घेतलाय, मधला साइज. बाबांनी कानाचं मशीन डबीत ठेवण्यासाठी विकत घेतलेलं नाही, लावायला घेतलंय.