खालच्या रानातली विहीर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घाईत बोलणं झालं आणि जे सांगायचं होतं तेच राहिलं. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, पण सगळं वाच आणि मग दादांशी बोल.

तुमच्या खालच्या रानातली मोटेची विहीर दादांनी बुजवायला काढली आहे. जेसीबी सांगून झालाय, मुरूमही ठरलाय. त्यांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. विहिरीला पाणी राहिलं नाही, बोअरवर भागतंय, उसाला गुंठा-दोन गुंठे जागा वाढेल, शिवाय पोरंसोरं तिकडे खेळायला जातात ही भीती. सगळं खरं. पण त्या विहिरीत गव्हाणी घुबडांची जोडी राहते आणि सध्या तिची पिल्लं आत आहेत.

थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडीच्या, खाली एक चिरा निखळून कपार झाली आहे, तिथं घरटं आहे. मी जवळ जात नाही. बांधावरच्या बाभळीआड बसतो. दिवस मावळून जरंडेश्वराचा डोंगर काळा पडला की आतून फुसफुस सुरू होते. माहीत नसलेल्या माणसाला आत साप आहे असंच वाटेल. ती पिल्लांची भुकेची हाक. मग नर किंवा मादी वर येते. पांढरं पोट, सोनेरी पाठ, बदामाच्या पत्त्यासारखा चेहरा. पंखांचा आवाज म्हणशील तर काही नाही. पिसांच्या कडेला बारीक झालर असते, तिच्यामुळे हवा कापली जाते ती आवाज न करता. डोक्यावरून गेली तरी कळत नाही, नजर असेल तरच कळतं.

या पक्ष्याचे कान मला सगळ्यात थोर वाटतात. दोन्ही कानांची भोकं एका रेषेत नसतात, एक थोडं वर, एक खाली. त्यामुळे खालचा आवाज कुठल्या बाजूने आणि किती उंचीवरून आला हे दोन्ही त्याला एकदम कळतं. आणि तो चेहऱ्यावरचा पसरट पिसांचा गोल आवाज गोळा करून कानांकडे पोचवतो. मिट्ट काळोखात नुसत्या खुसपुशीवर उंदीर धरतो हा.

विहिरीच्या काठावर त्यांनी उलटून टाकलेल्या काळपट गोळ्या पडतात. घुबड शिकार बहुतेक अख्खी गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, ती गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. त्यातल्या काही मी घरी आणून कोमट पाण्यात भिजवून सोडवल्या. प्रत्येकीत कवट्या, जबडे. उंदराचे पुढचे दात पिवळसर केशरी असतात आणि चिचुंद्रीचे पांढरे, त्यावरून निवडता येतात. जवळजवळ सगळे उंदीरच निघाले रे. दादांच्या उसातले, भुईमुगातले, आमच्या गव्हातले. मोठं घुबड एका रात्रीत दोन-तीन तरी उंदीर खातं, आणि आता पिल्लांचं पोट वेगळं. मादी अंडी एकदम घालत नाही, मध्ये दिवस जातात, पण उबवायला पहिल्यापासून बसते. म्हणून पिल्लं लहानमोठी असतात. खाणं कमी पडलं तर शेवटचं पिल्लू जगत नाही. उडायला त्यांना दोन महिने लागतात.

दादा उंदरांसाठी औषध टाकतात हेही तुला सांगून ठेवतो. त्यातलं जे रक्त पातळ करणारं औषध असतं, ब्रोमॅडिओलोनसारखं, त्याने उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि सोप्पा सापडतो म्हणून घुबड, कापशी घार त्यालाच उचलतात. विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे जो फुकट राखण करतो त्यालाच आपण मारतो. त्यापेक्षा हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, रोवतात तसे उसाच्या कडेने चार उभे करावेत. बांधावर मी दोन रोवलेत, त्यावर कापशी बसायला लागली आहे.

कापशी तू पाहिलीच आहेस, तारेवर बसते ती पांढरीराखाडी, लाल डोळ्यांची. ऊसतोड सुरू झाली की तिचे दिवस. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, मग पंख वर उचलून धरते आणि पाय सोडून हळूहळू खाली येते. मला ते कितीही वेळा बघायला आवडतं. माण-खटावच्या माळावर या दिवसांत भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी आहेत. मध्य आशियातून येतात, दिवसभर गवतावरून तरंगत नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. तो माळ आपल्याला पडीक दिसतो, सातबारावरही पोटखराबा. नांगरला की त्यांची रात्रीची जागा गेली.

एक गोष्ट मात्र तुला खास सांगायची होती. आपण कॉलेजात असताना ठोसेघरला गेलो की पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला जायचो ना? तिथं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला, 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. आणि त्यामुळे पठारावरचे निळ्या गळ्याचे सरडे भरमसाट वाढलेले, पण ते बारीक, आणि माणूस जवळ आला तरी पळायचे नाहीत, कारण त्यांना भीती घालणारं कुणी राहिलं नव्हतं. पवनचक्क्यांना माझा विरोध नाही, वीज हवीच. पण वरचा पक्षी निघून गेला की खाली सरड्याच्या वागण्यापर्यंत सगळं बदलतं, हे आपल्याच सातारा जिल्ह्यात मोजून दाखवलंय. तेव्हापासून मी उंदरांकडेही वेगळ्या नजरेने बघतो.

आता वहिनींचं. रात्रीचा तो किंचाळण्याचा आवाज ऐकून त्या घाबरतात, घरावर संकट येईल म्हणतात. त्यांच्यावर चिडू नकोस. आपल्या आज्ज्याही हेच सांगायच्या, आणि घुबडाला दगड मारू नका म्हणायच्या. मारलेला दगड घुबड उचलून नेऊन झिजवतं आणि तसा मारणारा माणूस झिजतो म्हणे. या एका समजुतीने कितीतरी घुबडं वाचली असतील. खरी भीती दुसरीच आहे. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास करणीधरणीसाठी घुबडं पकडून विकणारे फिरतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, तरी चालतं. म्हणून घरट्याची जागा मी गावात कुणालाच सांगितलेली नाही. फोटोवाल्यांनाही नाही. सासवडकडे पिंगोरीत इला फाउंडेशन घुबडांचा महोत्सव भरवतं, शाळेची पोरं घुबडांची चित्रं काढतात. आपल्या शाळेत तसं काही करता येईल का, गुरुजींशी बोलतोय.

तर मागणं इतकंच. दादा माझं ऐकून घेतील, पण रान तुमच्या दोघांच्या नावावर आहे, तुझा शब्द लागेल. पोरं पडायची भीती रास्त आहे, म्हणून कमरेएवढा दगडी कठडा चारी बाजूंनी बांधून घेऊ. वरून जाळी नको, पक्ष्यांना ये-जा करता आली पाहिजे. गवंडी मी बघतो, निम्मा खर्च माझा. बांधकामही पिल्लं उडून गेल्यावर, म्हणजे शिमग्यानंतर काढू. आणि मुरूम सांगितलाच आहे तर तो ओढ्याकाठच्या गाडीवाटेवर टाकावा म्हणावं, पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर रुततो.

जेसीबी सोमवारी येणार आहे. त्याआधी फोन कर.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र