रिकाम्या ट्यूबचा स्पेक्ट्रम काढणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण जळगावकडून आलेलं मॉलिब्डेनमच्या मेटलाबोरेनचं (धातू आणि बोरॉनच्या अणूंचा पिंजरा असलेल्या संयुगाचं) सॅम्पल म्हटलं की पत्र कोणाला आहे ते कळेल.

तुमच्याआधी एनएमआर (चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजून रेणूची रचना ओळखायचं तंत्र) करून देणाऱ्या दुसऱ्या एका केंद्राचा शेरा आला होता: बोरॉनची अशुद्धी आहे, सॅम्पल पुन्हा शुद्ध करा. पुरावा काय, तर बोरॉन-११ च्या स्पेक्ट्रममध्ये शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला रुंद फुगवटा. पैसे घेतले, पावती दिली, त्यानंतर फोन उचलला नाही. एनएमआरची नेहमीची ट्यूब बोरोसिलिकेट काचेची असते. त्या काचेत वजनाने १२-१३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं आणि घन पदार्थातल्या बोरॉनचा सिग्नल असाच रुंद पडतो. हे मशीनवर बसणाऱ्याला ठाऊक नसावं? शुद्ध करायचं तर काय, काच?

तुम्ही कोणाला नावं ठेवली नाहीत. कोणी सांगितलेलं नसताना तशीच दुसरी ट्यूब घेतलीत, तेवढंच ड्युटेरेटेड बेंझिन भरलंत, सॅम्पल न घालता तेवढेच स्कॅन चालवलेत. फुगवटा जसाच्या तसा! त्यावर पेन्सिलीने 'काच' एवढंच लिहून दोन्ही कागद एकत्र टाचून पाठवलेत, आणि सोबत तुमच्याकडची, बोरॉन नसलेल्या क्वार्ट्झची ट्यूब. बिलात या कशाचाही उल्लेख नाही. आभार मानायचे ते मुख्यतः या कागदाचे.

क्वार्ट्झमध्ये फुगवटा पार खाली बसला. जो थोडा उरला तो प्रोबच्या, म्हणजे मशीनमध्ये ट्यूब बसते त्या जागेच्या, भागांमधला. सिग्नलचे सुरुवातीचे बिंदू गाळून तो पुसता आला असता, पण तुम्ही ते टाळलंत, ते बरं झालं. धातूला लागून असलेल्या बोरॉनचे खरे सिग्नलही रुंद असतात, तेही त्या पुसापुशीत झिजतात.

खरी अशुद्धी कुठे दिसते तेही लिहून ठेवायला हवं. क्रिया अशी: पेंटामिथाइलसायक्लोपेंटाडायनिल मॉलिब्डेनम टेट्राक्लोराइड टोल्युइनमध्ये −७८ अंशांना, त्यात टीएचएफ या द्रावकातलं लिथियम बोरोहायड्राइड सुमारे ५ पट. मग सावकाश वर आणायचं. हायड्रोजन सुटतो, घाई केली की फेस चढतो आणि माल बबलरमध्ये जातो. नंतर बोरेन-टीएचएफ घालून ९० अंशांच्या आसपास तापवणं. खानदेशात मे महिन्यातली कोरडी हवा या कामाला उलट चांगली. पण खोलीत वाळ्याचा कूलर सुरू केला की तीच हवा ओली होते आणि वजन करता करता बोरोहायड्राइड पाणी ओढतं. लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद पडला तर बोरेन-टीएचएफची बाटलीही बिघडते. दोन्ही चुका १८ ते २० पीपीएमजवळ (स्पेक्ट्रमवर सिग्नलची जागा सांगायचं एकक) बोरॉन-ऑक्सिजनच्या सिग्नलने उघड्या पडतात. या सॅम्पलमध्ये त्या जागी काही नव्हतं.

तुमचं प्रोटॉनचं बोरॉन-डिकपल्ड मोजमाप (बोरॉनचा हायड्रोजनच्या सिग्नलवरचा परिणाम काढून घेतलेलं) तर आणखी मोलाचं. −५ ते −१५ पीपीएमच्या पट्ट्यातला रुंद सिग्नल डिकपलिंगने अरुंद झाला, म्हणजे तो हायड्रोजन धातू आणि बोरॉन यांच्यामधला. दोन धातूंमधला असता तर मुळातच अरुंद असता, डिकपलिंगने फरक पडला नसता. मॉलिब्डेनमच्या ४२ इलेक्ट्रॉनांशेजारी हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन क्ष-किरणांना धड दिसत नाही, म्हणून हाच पुरावा धरायचा.

पिंजरा जोडून ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनांची पुढची मोजणी त्यावरच उभी आहे. ५ बोरॉन-हायड्रोजन गटांचे १० इलेक्ट्रॉन, पुलावरच्या (दोन अणूंना जोडणाऱ्या) ४ हायड्रोजनांचे ४, मॉलिब्डेनमच्या प्रत्येक गटाचा (धातूचे ६, त्यावरच्या कार्बनच्या कड्याचे ५, वजा १२) ६ + ५ − १२ = −१, म्हणजे दोघांचे −२. एकूण १२, म्हणजे ६ जोड्या. अशा पिंजऱ्यांसाठीच्या वेड यांच्या नियमाने ७ शीर्षांच्या (२ मॉलिब्डेनम, ५ बोरॉन) बंद पिंजऱ्याला शीर्षांपेक्षा एक जास्त, म्हणजे ८ लागतात, म्हणून घाईने वाचणारा म्हणतो, संश्लेषण फसलं. फसलेलं नाही. ६ जोड्यांवर ५ शीर्षांचा त्रिकोणी द्विपिरॅमिड बनतो आणि उरलेले २ बोरॉन त्याच्या फलकांवर टोपी घालतात. टोपीने जोड्या वाढत नाहीत.

लहान गावच्या कॉलेजचं सॅम्पल म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ असतात. कोट्यवधींच्या मशीनसमोर बसून, समोरचा कदाचित बरोबर असेल असं धरून एक जादा स्कॅन लावणारे थोडे. अशी माणसं कुठल्या पदावर आहेत हे सहसा कोणाला माहीतही नसतं, आणि अर्धं संशोधन त्यांच्यावर चालतं.

क्वार्ट्झची ट्यूब धुऊन, वाळवून परत पाठवत आहोत. पुढचं सॅम्पल टँटलमचं आहे. बर्फाच्या डब्यात बेंझिन गोठतं, म्हणून यावेळी ड्युटेरेटेड टोल्युइन घेतलं आहे. लॉक (द्रावकातल्या ड्युटेरियमच्या सिग्नलवर मशीनचं चुंबकक्षेत्र स्थिर धरणं) लावताना तेवढं बदलून घ्या.

आपले,
जळगावचे रसायनवाले