बालीतल्या आमच्या ब्लींना, म्हणजे थोरल्या भावाला, अनावृत पत्र

सप्रेम नमस्कार ब्ली,

विमानतळावर इंग्रजीतून तुमचे आभार मानले, पण ते घाईघाईत. मनातलं बरंच बोलायचं राहून गेलं, आणि ते मला मराठीतच नीट सांगता येईल. शिवाय आमच्याकडची पुष्कळ मंडळी हल्ली बालीला येतात. दिवसभर तुमच्यासारखा ड्रायव्हर सोबत असला की काय फरक पडतो, हे त्यांनाही कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवतेय.

आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका सहलीबरोबर गेलो होतो. देवळापाशी फोटोपुरतं थांबवायचं आणि मग दुकानात तासभर बसवायचं, असा तो दिवस गेला. संध्याकाळी आई फारशी बोलली नाही. तुम्ही मात्र गाडी सुरू करण्याआधीच विचारलंत, "आईंना देऊळ बघायचंय की देवाला नमस्कार करायचाय?" मी तिला मराठीत सांगितलं, तशी ती चटकन म्हणाली, "नमस्कार करायचाय, बाबा." मग तुम्ही सगळा दिवस त्या उत्तराभोवती आखलात.

आधी बातुबुलान, दगड कोरणाऱ्यांचं गाव. रस्त्यावरची मोठाली दालनं सोडून तुम्ही आम्हाला मागच्या अंगणात नेलंत. तिथे एक मुलगा द्वारपालाच्या कानातलं कुंडल कोरत होता आणि छिन्नीखालून राखाडी भुकटी पिठासारखी गळत होती. हा पारस म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड. मऊ असल्यामुळे तो भराभर कोरता येतो, पण पावसाने आणि शेवाळाने तितकाच लवकर झिजतोही. त्यामुळे देवळांचं काम सतत निघत राहतं आणि मुलं बापाच्या शेजारी बसून हात शिकतात, हे तुम्ही समजावून सांगितलंत. वेरूळचा काळा पाषाण बघत वाढलेल्या आम्हाला हे नवीन होतं. पुढे बातुआनच्या पुरा पुसेह या देवळात शेवाळलेल्या मूर्तींना खेटून ताज्या कोरलेल्या मूर्ती दिसल्या, तेव्हा त्यात विजोड असं काहीच वाटलं नाही.

तिथेच तुम्ही आईच्या कमरेला शेला बांधून घ्यायला लावलात. "साडी आहे ना, मग कमरेला गुंडाळायच्या सारोंगची गरज नाही," म्हणालात. तेवढ्यावरून आईची कळी खुलली. या देवळाशी जोडलेला लेख शके 944 चा, म्हणजे इ.स. 1022 चा आहे, हे सांगितलंत तेव्हा ती म्हणाली, "शके? आपलंच की!" आपल्या पंचांगातला शक तुमच्याकडेही चालतो आणि तुमचं न्येपी शकाच्या नव्या वर्षाचं असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती शेजारपाजारी सगळ्यांना हेच सांगत असते.

चेलुकला चांदीचं काम पाहिलं. मोहरीहून बारीक चांदीचे मणी कुंचल्याच्या टोकाने उचलून एकेक करून बसवत होते. मास गावात कारागीर जमिनीवर बसून, लाकूड पायांच्या तळव्यांत धरून कोरत होते. नाचातल्या बारोंग या रक्षक प्राण्याचा मुखवटा पुलेच्या लाकडाचा करतात आणि ते तोडण्याआधी झाडाची पूजा होते, असं तुम्ही म्हणालात. हा पुले म्हणजे आमची सातवीण. आम्ही दोन्हीकडे काहीच घेतलं नाही. तुमचं कमिशन बुडालं असणार, पण तुमच्या चेहऱ्यावर किंवा बोलण्यात त्याची छटाही दिसली नाही. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

गुनुंग कावीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, हे तुम्हीच आधी ओळखलंत. तिला वरती तुमच्या ओळखीच्या मावशींच्या टपरीत बसवलंत आणि मला खाली नेलंत. पाकेरिसान नदीच्या दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या त्या अकराव्या शतकातल्या दहा चंडी, म्हणजे देवळाच्या आकाराची स्मारकं, मी डोळे भरून पाहिल्या, कारण आईची काळजी नव्हती. वर आलो तर तिच्या मांडीवर नारळाच्या कोवळ्या पानांच्या पट्ट्या आणि पुढ्यात फुलांचं सूप. मावशी चानांग, म्हणजे देवाला वाहायचा फुलांचा द्रोण, करायला शिकवत होत्या. पट्टी दुमडायची, कोपऱ्यात बांबूची बारीक चोय टोचायची, की चौकोनी द्रोण तयार. आईने लहानपणी पळसाच्या पत्रावळी लावल्या आहेत, त्यामुळे चोय टोचायला तिला शिकवावं लागलं नाही. फुलं मात्र मावशींनी तिचा हात धरून ठेवायला लावली: पांढरी पूर्वेला, तांबडी दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला आणि गडद उत्तरेला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि गप्पा अखंड चालू होत्या.

तिथून तीर्त एम्पुल. इ.स. 962 मध्ये स्थापन झालेलं हे देऊळ. मी कुंडात उतरले, तेव्हा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या धारांखाली जाऊ नका, असं तुम्ही काठावरून खुणावत होतात. आईने आतल्या अंगणात तळाच्या काळ्या वाळूतून उसळणारे झरे पाहिले. पण देव्हाऱ्यापाशी ती बावरली, कारण समोर दगडी पद्मासन होतं आणि त्यावर मूर्तीच नव्हती. आसन मांडून ठेवायचं आणि मग देवाला बोलवायचं, असं तुम्ही सांगितलंत. "म्हणजे आसन आणि आवाहन. आपल्या पूजेसारखंच," म्हणत ती तिथेच खाली बसली. आधी मोकळे हात, मग बोटांच्या टोकांत फूल धरून ते कपाळाच्या वर न्यायचं, हे तुम्ही तिच्या शेजारी बसून स्वतः करत दाखवलंत. पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडलं, तीन वेळा ओंजळीत दिलं आणि ओल्या अक्षता कपाळाला लावायला सांगितल्या. आईचे डोळे भरून आले होते. बाबा गेल्यानंतर देवळात ती इतका वेळ बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तुम्ही ड्रायव्हर म्हणून आलात आणि घरच्या थोरल्या मुलासारखं तिला सांभाळलंत. त्याचे पैसे काही तुमच्या दरात धरलेले नव्हते.

बालीला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की यादी लहान ठेवा, गुनुंग कावी आणि तीर्त एम्पुल जिथे आहेत त्या तांपाकसिरिंगला निदान अर्धा दिवस द्या आणि तुमच्या गाडीवाल्याला गावाविषयी विचारा.

आमचा पुढचा बेत तुमच्या गलुंगन सणाच्या सुमाराचा आहे. तो दर 210 दिवसांनी येतो, त्यामुळे तारीख तुम्हीच कळवा. सणाच्या दिवशी तुम्ही घरच्या देवळात असाल, तेव्हा गाडीचा आग्रह नाही. त्याआधी एक दिवस मिळाला तर बेसाकीहचं मोठं देऊळ करू. मावशींसाठी आईने पळसाच्या पत्रावळी बाजूला काढून ठेवल्या आहेत. टपरीवर चालतील का, ते विचारून ठेवा.

तुमची,
नाशिकची ताई