पत्ता बघून काम नाकारू नका : सोलापूर महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका

स. न. वि. वि.

अशोक चौकाच्या पुढे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. बायोडाटा, पीएफचा क्लेम, जातीचा दाखला, दिवसभर हेच चालतं. काउंटरवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा ऐकू येतात. गेली बारा वर्षं तिथं जे बघतेय, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी सेटलमेंटमधला, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथं डांबून ठेवलं होतं त्या वस्तीतला, एक मुलगा आला. बारावी पास, जड वाहनाचं लायसन हातात. सार्वजनिक कामाच्या एका मक्तेदाराला ड्रायव्हर हवे होते. मी टाइप करत होते, तर त्यानं मधेच थांबवलं. "ताई, पत्ता आत्याचा टाका की ओ, जुळे सोलापूरचा." आधी दोनदा खरा पत्ता टाकला होता, फोनच आला नव्हता. यावेळी आला. मग आधार कार्ड मागितलं, त्यावर सेटलमेंट दिसलं, आणि जागा भरली म्हणून सांगितलं. चार दिवसांनी त्याच जागेसाठी दुसऱ्या एकाचा अर्ज मीच भरला. मक्तेदार कोण, काम कुठल्या कार्यालयाचं, हे इथं लिहीत नाही, कारण त्या मुलाला अजून याच गावात काम शोधायचं आहे.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्टला इथली माणसं विमुक्त झाली. त्या मुलाच्या आजोबांच्या काळातली ही गोष्ट. नातवाला आजही आत्याचा पत्ता लागतो, याचा मला मनापासून संताप येतो.

हे एवढ्यावर थांबत नाही. रस्ते झाडणाऱ्या बायका पासबुकाची झेरॉक्स काढायला येतात. एकाच मुकादमाच्या हाताखाली, एकाच रस्त्यावर काम करणाऱ्या नवरा-बायकोची पासबुकं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. बाईच्या खात्यावर कमी पैसे. विचारलं तर म्हणाली, "गड्यांचा रेट वेगळा असतो." आणि गटारात उतरायचं काम निघालं की जात विचारावीच लागत नाही, कुणाला हाक मारायची ते आधीच ठरलेलं असतं. एका ठिकाणी जातीमुळे दार बंद, दुसऱ्या ठिकाणी जातीमुळेच तेवढं एक दार उघडं. दोन्ही भेदभावच.

कायदा नाही असं नाही. एकाच किंवा सारख्या कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यानुसार वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेनंही समान संधी धोरण जाहीर करून वेबसाइटवर, नाहीतर दिसेल अशा ठिकाणी लावायचं असतं. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं मनाई आहे, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमणंही बंधनकारक आहे. पण रोजंदारीवरची बाई हे कायदे घेऊन कोर्टात कधी जाणार? तिचा रोज बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम हजेरीच लावत नाही.

मक्तेदार ऐकतो ते बिलाचं. ते काढणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र कामगार खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

महापालिकेच्या प्रत्येक मनुष्यबळाच्या निविदेत समान संधीची अट स्पष्ट शब्दांत असावी आणि ती तपासता यावी. रिकाम्या जागा आणि त्यांचा पगार यांची यादी झोन कार्यालयाच्या फलकावर लागावी. पहिल्या अर्जात फक्त शिक्षण, लायसन आणि अनुभव विचारावा. पत्ता, धर्म, जात यांची कागदपत्रं निवड झाल्यावर, तीही कायद्यानं लागतील तेवढीच. दरमहा बिलासोबत कामगारनिहाय तक्ता जोडावा : कोण, कोणतं काम, किती हजेरी, किती पैसे बँकेत जमा. स्त्री-पुरुषांच्या दरात फरक दिसला तर बिल थांबवावं, मात्र त्यापायी कामगारांचा पगार अडू नये. तक्रार मुकादमाकडे न जाता महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे जावी. वारंवार अट मोडणाऱ्याला बाजू मांडू द्यावी, मग अनामत जप्त करून काळ्या यादीत टाकावं. पाच-सात माणसं घेऊन काम करणाऱ्या लहान मक्तेदारावर कागदांचा डोंगर टाकू नये. त्याच्याकडून एक पानी हमीपत्र आणि पगाराचा तक्ता घेतला तरी पुरे.

आणखी एक. ही अट नुसत्या परिपत्रकानं आणू नका. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २४ सप्टेंबर १९६५ रोजी आदेश काढला : सरकारी कंत्राट घेणाऱ्यानं वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून कामगारांत भेद करायचा नाही. १९६७ मध्ये त्यात स्त्री-पुरुष भेदही आला. जवळपास साठ वर्षं तो टिकला, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीनं रद्द झाला. तुमची बदली आज ना उद्या होणारच. म्हणून सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव ठेवा आणि ठराव करून घ्या.

त्या सभेत कुणी म्हणालंच की आपल्या गावात असं काही होत नाही, तर त्यांना चार हुतात्मा चौकात घेऊन जा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघे एकाच दिवशी फासावर गेले. या चार आडनावांपैकी कुठल्या आडनावाच्या मुलाला आज मक्तेदाराकडून फोन येईल आणि कुठल्याला येणार नाही, हे माझ्या दुकानात येणारी पोरं न अडखळता सांगतात.

मनुष्यबळाच्या पुढच्या निविदेची जाहिरात निघाली की मी तिची प्रिंट काढून दुकानाच्या दारावर लावणार आहे. त्या मुलालाही कळवीन. यावेळी अर्जावर त्याचा स्वतःचा पत्ता टाकायचा, असं आमचं ठरलं आहे.

आपली,
अशोक चौकातील एक दुकानदार
सोलापूर