सेवा म्हटली की फादर-सिस्टरच का?

संपादक साहेब,

नाताळ जवळ आला की पेपरात ख्रिस्ती सेवेवर लेख येतात, फोटो मात्र कायम फादरचा नाहीतर सिस्टरचा, मग आम्ही प्रापंचिकांनी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांनी, काय नुसतं रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) जाऊन बसायचं? आमच्या वसईत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं बघा, नोकरी सांभाळून, लोकलचे धक्के खाऊन आली तरी जोडीजोडीने गरजूंच्या घरी जातात, कुणाची औषधं, कुणाच्या पोराची फी, कधी तर एकट्या म्हातारीजवळ नुसतं बसायचं, आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही हा नियमच. ही संस्था 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या 20 वर्षांच्या कॉलेजच्या पोरानं मित्रांना घेऊन काढली, फादर नव्हता तो! 1965 ला व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, तर प्रापंचिकांच्या कामावर वेगळा दस्तऐवजच काढला. तरी आमच्याकडे अजून सगळं फादरवर ढकलतात, आणि तरुण पोरं फार कमी येतात हेही खरंय. यंदा नाताळ पुरवणीसाठी एखादा वार्ताहर या लोकांकडे पाठवा की, फक्त ज्यांच्या घरी जातात त्यांची नावं छापू नका.

– एक वाचक, वसई